डावीचं माहेरपण

रंभाजी तात्याची डावी किडनी दर नागपंचमीला माहेराला येती. धाकट्या बहिणीला, हौसाला, ती देऊन लई वर्सं झाली. पण दिली म्हणून काय तोडली का? लेक दिली तरी माहेर राहतंच की.

हौसाला स्वतःला येता येत नाय. गुडघे गेले, यष्टीची पायरी चढंना. मग ती डावीला ओल्या फडक्यात गुंडाळती, पितळी डब्यात बसवती आन् कंडक्टरच्या हवाली करती. डावी दोन दिवस उजवीशेजारी आपल्या जुन्या जागी पडून गप्पा हाणती, ओटी भरून घेती आन् माघारी जाती.

यंदा पंचमी तोंडावर आली तशी उजवी रुसली. दोघींचं काम एकटीनं ओढलेलं, त्यात म्हातारपण. तात्याला हुडहुडी भरली, लघवीला आग व्हायला लागली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं.

"इन्फेक्शन आहे. गोळ्या पुऱ्या संपवा, बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका. पाणी भरपूर प्या."

"ते खरं बाई, पण तिला बहिणीची आठवण येती."

"येणारच," बाई म्हणल्या आन् गोळ्यांच्या खाली तेबी लिहून दिलं.

पंचमीला यष्टी थांबली. कंडक्टर डबा काखेत धरून उतरला.

"तात्या, हिचं तिकीट काय फाडू? वय काय?"

"माझ्याबरोबरच जल्मली की."

"मग पंच्याहत्तरीच्या वर, फुकट. पण हौसाबाईकडची धरली तर अर्धं लागतंय."

"येताना माहेरची धर, जाताना सासरची."

कंडक्टरला ते पटलं.

"वाळलीस की गं," डावी जुन्या जागी टेकली तशी उजवी म्हणली.

"तू तरी कुठं फुगलीस, भवाने!"

दोघी हसल्या आन् तात्याचा ताप उतरला. दुसऱ्या दिवशी तो कुंपणाआड गेला, तर अशी धार लागली की शेजारचा कोंबडा वराडत पळाला. "आरं, जवानी बघून भितूस व्हय?" तात्या म्हणला.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं डबा काढला.

"मी नाय जायची," डावी म्हणली.

तात्याच्या मनात तेच होतं. त्यानं डबा गुमान खाटंखाली सारला. "ऱ्हा की. कुणाचं काय खातीस?" उजवीनं सरकून जागा केली.

"तिथं एकटीनं किती गाळायचं रं दादा? हौसाबाई पाणीच पीत नाय. मोरी लांब, सुनंला हाक मारायची लाज. मग सारखी जळजळ, सारखा ताप."

"आन् आता तू इथं, तर तिथं तिचं काय चाललंय?"

"काय चालायचं? तांब्या पालथा घालून पडलीय. मी जाईस्तोवर घोट पीत नाय, हलत नाय."

"दर साली?"

"मग? माहेरपण काय आभाळातनं पडतं?"

तात्यानं कोपऱ्यातल्या तांब्याकडं बघितलं. लहानपणी हौसा एका दमात तांब्या रिकामा करायची. तो तिला रेडकू म्हणून चिडवायचा.

त्यानं खाटंखालून डबा वढला. हळदीकुंकू लावलं, तांदूळ-खोबऱ्यानं ओटी भरली. डावीला रडू आवरंना.

"मी जाते हिच्यासंगं," उजवी म्हणली. "पाठराखीण म्हणून. पहिल्यांदा गेली तवा कोण गेलं हिच्याबरोबर? कुणी नाय."

"आन् मी?"

"तू पड की दोन दिवस. हौसाबाई पडती, तुलाच काय धाड भरलीय?"

तात्यानं डब्याचं झाकण काढलं. डब्यात दोघी दाटीवाटीनं बसल्या. कंडक्टरनं झाकण उघडून बघितलं.

"दोन?"

"एक सासरची, एक माहेरची."

"म्हणजे अर्धंच."

"हौसाला सांग," तात्या म्हणला, "मोरीला जायची लाज नको धरू. आता दोघी हायत म्हणावं. पोटभर पी."

यष्टी वळणाआड गेली. घरी येऊन तात्यानं तांब्या पालथा घातला, खाट दारात वढली आन् रस्त्याकडं तोंड करून पडला.

जरा वेळानं घसा सुकला.

"पी गं, रेडका," तात्या म्हणला.