थ्रॉसलसाहेबांचा रिलीज

आखातातल्या एका कंपनीतला कारकून हरिदास मेश्राम अकरा दिवसांपासून रिलीजचा अर्ज शर्टाच्या खिशात घेऊन फिरत होता. रिलीज म्हणजे दुसरीकडे नोकरी धरायला मालकाने द्यायची परवानगी. जवळच्या जिदहफ्स गावातल्या दुसऱ्या कंपनीने त्याला सुपरवायझरची जागा देऊ केली होती, पण एक तारखेच्या आत हजर व्हायचं होतं. रोज सकाळी तो जनरल मॅनेजरच्या दारापर्यंत जायचा, घसा खाकरायचा आणि पाणी पिऊन परत यायचा.

“अरे, देऊन टाक ना एकदाचा!” स्टोअरकीपर उस्मान म्हणायचा.

“सायबाचा मूड पाहून देतो ना, उस्मानभाई.”

“मूड बघत बसलास तर हितंच म्हातारा होशील.”

एक दिवस मॅनेजरनेच बोलावलं. अर्जाची कुणकुण लागली की काय, म्हणून हरिदासने आत जाताना खिशावर हात ठेवला. साहेबांनी मात्र एक फॅक्स पुढे केला. शुक्रवारी कंपनीच्या फुटबॉल सामन्याला इंग्लंडचे जुने व्यावसायिक खेळाडू मिस्टर थ्रॉसल पाहुणे होते. त्यांची ओळख हरिदासने करून द्यायची, आणि तीही सगळ्या कामगारांना कळेल अशी.

हरिदासला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. फॅक्समध्ये साहेबांच्या पाहुण्याची माहिती होती: खाणकामगाराचा मुलगा, डाव्या बाजूने खेळणारा, सत्तेचाळीस ते एकोणसाठ एकाच क्लबात, अडीचशे सामने. इथवर ठीक होतं. पुढे मात्र लिहिलं होतं की दुसऱ्या क्लबात जाण्याची त्यांची विनंती क्लबाने तीनदा फेटाळली. करार संपला तरी सोडलं नाही. नऊ वर्षं व्हिसाचे कागद भरणाऱ्या हरिदासला हे वाचताच सगळं लख्ख कळलं: क्लब म्हणजे स्पॉन्सर, व्हिसा देऊन अडकवून ठेवणारा मालक. म्हाताऱ्याची त्याला मनापासून कीव आली.

शुक्रवारी त्याने माइक दोन्ही हातांनी धरला.

“नाइन्टीन फिफ्टी-वन! मिस्टर थ्रॉसल आस्क रिलीज. स्पॉन्सर से, नो!”

मागचे कामगार पुढे सरकले.

“फिफ्टी-थ्री! अगेन आस्क. स्पॉन्सर से, मफी!” मफी म्हणजे नाही, एवढं अरबी सगळ्यांनाच येत होतं.

“शेम! शेम!” मागून कोणीतरी ओरडलं. फिफ्टी-फाइव्हचं काय झालं ते गलक्यात कोणाला ऐकूच आलं नाही. मॅनेजर लालबुंद झाले. आता रिलीज कसला, थेट परतीच्या विमानातच बसवतील, असं हरिदासला वाटलं.

थ्रॉसल काठी टेकत पुढे आले. त्यांचे डोळे भरले होते. “माझी कारकीर्द इतकी नेमकी आजवर कोणीच सांगितली नव्हती,” ते म्हणाले आणि मॅनेजरकडे वळले. “तुमच्याकडे असं नाही ना चालत?”

तीनशे माणसं मॅनेजरकडे पाहू लागली.

“छे, छे! अर्ज येऊ द्या, देतो की!”

हरिदासला रात्रभर आनंदाने झोप नाही. शनिवारी छाती काढून तो आत गेला आणि न खाकरता अर्ज टेबलावर ठेवला. साहेबांनी शेजारच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवलं.

“महिन्याला एक सोडणार. आले त्या क्रमाने. तुझा पासष्टावा.”

“आन् पहिला कोणाचा, सर?”

“उस्मानचा. काल मैदानावरच दिला. त्याचं पत्र आत्ता टाइप करून आण.”

हरिदास तणतणत स्टोअरमध्ये गेला. “उस्मानभाई, तुम्ही कुठं चालले?”

“अजून ठरलं नाय रे,” उस्मान ओशाळून म्हणाला. “त्या जिदहफ्सवाल्यांचा फोन नंबर आहे काय तुझ्याकडे?”