बिनतेलाची तर्री

औषध कसं घ्यावं हे आपल्या देशात कोणालाच कळत नाही. अर्थात, मी सोडून! लोक सकाळची गोळी संध्याकाळी घेतात, जरा बरं वाटलं की बंद करतात आणि उरलेल्या गोळ्या मेव्हण्याला देऊन टाकतात. मी खोकल्याच्या बाटलीसोबतचा कागदसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस आहे. म्हणून शंकर नगरच्या डॉक्टर मॅडमनी मला वजन उतरवायच्या कॅप्सूल लिहून दिल्या, तेव्हा मी बीरगांवच्या आमच्या घरी येऊन छाती काढून जाहीर केलं, "आता पाहाच तुम्ही, हिरालाल कसा शिस्तीत बारीक होते ते!"

रेल्वेच्या ऑफिसात मी बसून काम करतो आणि बसूनच वाढलो. जिना चढताना गुडघे कुरकुरायचे, रक्तातली साखर हद्दीवर येऊन उभी होती. मॅडमनी सगळं तपासलं, बीपीच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत ते विचारलं आणि बजावलं, "देखिए हिरालाल जी, ये कैप्सूल खाने का तेल पचने नहीं देती. इसलिए खाना कम, हल्का, तेल नाममात्र. खाना छूटा तो कैप्सूल भी छोड़ दीजिए, अगली बार दो मत खाइए. विटामिन की गोली अलग, सोते समय. और तेल-घी ज़्यादा खाया, तो वो वैसा का वैसा बाहर आएगा. कपड़ों तक! कुछ भी लगे, फोन कीजिए. शरमाना नहीं."

मी आणि शरमणार? मी हसलो.

घरी सभा भरवली. आई म्हणजे अंजनाबाई खाटेवर, बायको सरला स्वयंपाकघराच्या दारात, आणि कॉलेजात जाणारी रीना मोबाईलमध्ये. रीनाला मराठी सगळं कळतं, पण इथे हिंदी मुलखात वाढलेली, त्यामुळे तोंडातून हिंदीच निघते. मी एकेक नियम वाचून दाखवला.

"तूप नाही?" आईनं विचारलं.

"नाही."

"अन् तेल?"

"नावापुरतं."

"मंग हे औषध होय का शिक्षा?"

पहिले काही दिवस शिक्षाच होती! पाण्यासारखं वरण, उकडलेला दोडका, कोरडे फुलके. पण मी हूं की चूं केलं नाही. मग शेजारच्या कलावतीबाईंच्या नातवाच्या नामकरणाला गेलो, तर त्या मला बघून सरलाला म्हणाल्या, "अवं माय, भाऊ किती उतरले! काही दुखणंबिखणं तं नाही?"

मी तर हवेतच गेलो! निकाल लागला होता! सरलाचा चेहरा पडला होता, ते मला दिसलं नाही. नवऱ्यांना अशा गोष्टी दिसत नाहीत.

त्यानंतर एक चमत्कार झाला. जेवणाला चव येऊ लागली! तेच वरण, तोच दोडका, तोच भात, पण मी ताट चाटूनपुसून साफ करायला लागलो. ऑफिसात अनंतरावांना, म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या माझ्या जुन्या मित्राला, मी भाषणच दिलं. "अनंतराव, काही दिवस जिभेले लगाम घाला, उकडलेल्या दोडक्यातबी बासुंदी सापडते!" अनंतराव समोसा खात होते. त्यांनी मान हलवली आणि दुसरा घेतला.

आणि मग ती सकाळ उगवली.

आता हे कसं सांगावं? चार लोकांत सांगायची गोष्ट नाही. घरातल्या ज्या खोलीत माणूस एकटाच जातो, त्या खोलीत मी होतो. काम आटोपून सहज खाली नजर गेली, आणि माझ्या काळजात धस्स झालं. पाण्यावर तर्री तरंगत होती! हो, तर्री! सावजी मटणाच्या रश्श्यावर येते तशी, केशरी, चकचकीत, गोल गोल!

मी भिंतीला टेकलो. मॅडमचे शब्द आठवले. तेल खाल्लं तर असं होतं. पण मी तर तेल खाल्लंच नव्हतं! म्हणजे हे ते नव्हे. म्हणजे हे दुसरंच काहीतरी! तर्कशास्त्र एकदम पक्कं होतं, आणि पक्कं होतं म्हणूनच मला दरदरून घाम फुटला.

कपाटातून औषधाचा कागद काढला. शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड त्या दिवशी भारी नडली. खाली बारीक अक्षरात यकृत, मूत्रपिंड, पित्ताचे खडे अशी एकापेक्षा एक मंडळी बसलेली होती. 'क्वचित' असं लिहिलं होतं खरं. पण रेल्वेत नोकरी केलेल्या माणसाला विचारा, क्वचित घडणारी गोष्ट नेमकी आपल्याच ड्यूटीत घडते!

मॅडमना फोन लावावा? नंबर काढला. पण काय सांगायचं? एका बाईमाणसाला, फोनवर, रंगासकट? आणि समजा सांगितलं आणि त्या "अरे बाप रे" म्हणाल्या तर? मी फोन खिशात ठेवून दिला. खरं सांगतो, शरमेपेक्षा भीतीच जास्त होती. जोवर डॉक्टर बोलत नाही तोवर आपल्याला काही झालेलं नसतं.

दुपारी अनंतरावांजवळ हळूच विषय काढला. "माझ्या एका दोस्ताले जरा त्रास आहे." आणि खालच्या आवाजात सगळं सांगितलं.

अनंतरावांनी चहा खाली ठेवला. "केशरी?"

"केशरी."

"माह्या मोठ्या साळ्याले असंच काहीतरी झालतं."

"मंग? कसे आहेत आता?"

"फोटो चांगला आला आहे त्यायचा. हॉलमध्येच लावला." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्या दोस्ताले म्हणा, जे खायाचं ते खाऊन घे बाप्पा."

त्या रात्री घास गिळवेना. अर्धी पोळी खाल्ली आणि उठलो.

"काहून? काय झालं?" सरलानं विचारलं.

"काही नाही."

"मंग जेवून काहून नाही राहिले?"

"म्हटलं न, काही नाही!"

आई आणि सरला एकमेकींकडे बघायला लागल्या. दुसऱ्या दिवशी मी निम्मं जेवलो, तरी तर्री दुप्पट! तिसऱ्या दिवशी अजून कमी जेवलो, तरी तर्री अजून दाट! पोटात गुडगुड, आणि कधी कुठे धावावं लागेल याचा भरवसा नाही. पोटातून रोज इतकं तेल निघतंय, मग ते येतंय कुठून? मी आतून वितळतोय, दुसरं काय! दिव्यातलं तेल संपत आलं की काय होतं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मी रात्री पोटावर हात ठेवून पडून राहायचो आणि जरा कुठे चमक आली की उठून बसायचो.

रविवारी विहारात वंदना होती. वंदनेला पांढरे कपडे. त्या आठवड्यात पांढरे कपडे घालून घराबाहेर पडणं म्हणजे किती धाडसाचं काम होतं, ते तुम्ही ओळखलंच असेल. मी मुद्दाम भिंतीजवळची जागा धरली.

वंदना झाली. भंतेजींनी ध्यानाला बसवलं. सगळे डोळे मिटून शांत. भंतेजी म्हणाले, "सगळं अनित्य आहे. श्वासावर लक्ष ठेवा."

माझं लक्ष श्वासावर नव्हतं. माझं लक्ष फार खाली होतं. तिथे एक हालचाल सुरू झाली होती, आणि ती अनित्य असल्याची काही चिन्हं दिसत नव्हती. मी दात आवळले. मुठी आवळल्या. आवळण्यासारखं जे जे होतं ते सगळं आवळलं. कपाळावरून घाम टपटप गळायला लागला. मॅडमचा 'कपड़ों तक' हा शब्द कानात घुमू लागला.

शेवटी मी उठलो. अंगावरची शाल कमरेला गुंडाळली आणि भिंतीला पाठ घासत खेकड्यासारखा दाराकडे निघालो. तेवढ्यात कलावतीबाईंनी एक डोळा उघडला.

"अवं सरला! भाऊ पडून राहिले!"

ध्यान मोडलं! पन्नास लोक उठले. कोणी पाणी आणलं, कोणी माझे पाय धरून मला आडवं करायला बघू लागलं. आणि मी शाल धरून ओरडत होतो, "मले झोपवू नका! मले कोणी उचलू नका!" त्यांना वाटलं, हा वातात गेला. मी दोघांना ढकललं, चपला तिथेच सोडल्या आणि अनवाणी घराकडे पळत सुटलो.

घरात शिरलो आणि त्या खोलीची कडी लावली. पाठोपाठ सरला धापा टाकत आली आणि दार ठोठावायला लागली.

"कडी काढा! काय होऊन राहिलं तुम्हाले?"

"सरला," मी आतून म्हणालो, "माझं आता काही खरं नाही. रीनाचं शिक्षण पुरं कर. मायले सांभाळ."

मला वाटलं, ती रडत असेल. ती रडतच होती, पण संतापानं.

"माह्या बाबानंबी असंच केलं!" ती ओरडली. "भिलाईच्या प्लांटमधून येत, अर्धी पोळी खात, अन् इचारलं का 'काही नाही, काही नाही'. अंगावरचं मांस झडून गेलं, तरी 'काही नाही'! शेवटी कळलं तवा उशीर झालता. तुम्ही बी मले तसंच फसवून राहिले का? महिनाभर झालं, मी रात्री उठून तुमचा श्वास पाहून राहिली!"

माझ्या हातातला मग खाली पडला. मी मरायला घाबरत होतो, आणि दाराच्या पलीकडे ही माझ्यासाठी तितकीच घाबरत होती. मी कडी काढली. आणि आयुष्यात पहिल्यांदा, दारात उभं राहून, रंगासकट सगळं सांगितलं.

तिनं दोन्ही हात डोक्यावर मारले. "रीना! ऑटो बोलाव!"

रविवार असूनही मॅडमनी आमच्यासाठी दवाखाना उघडला. आम्ही चौघं आत शिरलो. मी सगळं सांगितलं. मॅडमनी शांतपणे विचारलं, "तेल कितना खा रहे हैं?"

"थेंब नाही मॅडम! एक बूंद नहीं! बाबासाहेबांची शपथ!"

"सब यही बोलते हैं."

मी सरलाकडे पाहिलं. सरला पंख्याकडे पाहत होती. तेवढ्यात आईनं पदराच्या आतून एक स्टीलची डबी काढली आणि टेबलावर ठेवली.

"डॉक्टरीन बेटी, तूच समझा इसको. रोज दे रही हूँ, भात के नीचे दबा के, तरी सूखतेच जा रहा है!"

मॅडमनी डबी उघडली. घरचं तूप. दवाखानाभर वास सुटला.

"अम्मा, ये घी आप रोज देती हैं?"

"हव! दोन्ही टाइम. बिमार आदमी को ताकत नहीं होना क्या?"

"माय!" मी किंचाळलो.

सरला हळूच म्हणाली, "मी वरून काही नाही लावलं मॅडम. फक्त फुलक्याच्या जागी पोळी केली. रोटी के अंदर, परत में, थोड़ा तेल. ते तं पोळीले लागतेच न. अन् वरणाले जराशी फोडणी. ते तेल थोडी होय!"

रीनानं मोबाईल खाली ठेवला. "पापा के नाश्ते में मूंगफली का मक्खन मैं डाल रही थी. प्रोटीन के लिए."

"अवं पोट्टे!" सरला म्हणाली. "मले काहून नाही सांगतलं?"

"आपने बताया था क्या मम्मी?"

तिघींपैकी जी ती समजत होती, आपलाच एक चमचा! मी घाबरून जेवण कमी केलं, की या घाबरून तूप वाढवत होत्या. तूप वाढलं, की मी आणखी घाबरत होतो. आणि मी इकडे दोडक्यात बासुंदी शोधत होतो!

मॅडमनी कपाळाला हात लावला. "तो ये आदमी नियम से कैप्सूल खा रहा है, और तीन तरफ से तेल. कैप्सूल बेचारी अपना काम ही तो कर रही है! हिरालाल जी, ये बीमारी नहीं लगती. ये तो हिसाब है."

तरी त्यांनी पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले, खात्रीसाठी रक्ताची तपासणी लिहून दिली. ती पुढे चांगली आली, हेही सांगून टाकतो. मग काट्यावर उभं केलं. आकडा बघून त्या थबकल्या.

"कम तो हुआ है. अच्छा-ख़ासा!"

"भेवानं, मॅडम," सरला म्हणाली. "खातच नव्हते."

"डर के मारे भूखा रहना डाइट नहीं है," मॅडम कडक आवाजात म्हणाल्या. "खाना पूरा तीन टाइम, बस तेल नापकर. और घर में किसी को डर लगे, तो एक-दूसरे से बोलिए. घी से मत बोलिए." मग माझ्याकडे वळल्या. "और आप! मैंने कहा था ना, शरमाना नहीं?"

"चुकलं मॅडम!" मी जमिनीकडे बघत म्हणालो.

तेव्हापासून घरात तेल मापानं निघतं. कॅप्सूल वेळेवर, विटामिन झोपताना, सगळं अगदी शिस्तीत. तर्री गेली. भीतीही गेली, माझी तरी. सरलाची काही जात नाही. मॅडमचं 'एक-दूसरे से बोलिए' तिनं फारच मनावर घेतलं आहे.

आता रोज सकाळी मी त्या खोलीत गेलो, की दाराबाहेर सरला येऊन उभी राहते. "रंग कसा आहे?" खाटेवरून आई विचारते, "काय म्हणते तो?" रीना म्हणते, "पापा, ज़ोर से बोलो ना!" आणि भिंतीपलीकडून कलावतीबाई आवाज देतात, "भाऊ, आज बरं आहे न?"

मग मी आतून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडतो, "बरं आहे! एकदम बरं आहे!" काय करणार? उत्तर द्यायला जरा उशीर झाला, की लगेच ऑटो बोलावतात.