रंगीत ओळींचे दर्शन

एका जंगलात, बाळांनो, ईश्वरकृपेने इंटरनेट आले होते. तिथले प्राणी यंत्रांसाठी प्रोग्राम लिहीत आणि काही अडले की फोरमवर विचारीत.

रेवती पाणमांजरीने बंधाऱ्याच्या दारासाठी चाळीस ओळींचा प्रोग्राम लिहिला होता. पाणी वाढले की दार उघडावे, एवढेच त्याचे कर्तव्य. ते उघडत नव्हते. बंधाऱ्यातच तिचे बीळ, बिळात तीन पिल्ले, आणि चार दिवसांनी वरच्या तलावाचे पाणी सुटणार. तिने सगळ्या ओळी फोरमवर ठेवल्या आणि चूक दाखवा म्हणून विनवले.

साळिंदराने त्याच दुपारी उत्तर लिहिले. फोरमचा नियंत्रक भानजी तरस याने ते रोखून धरले. नुसत्या काळ्या ओळी वाचून डोळे शिणतात, अशी तक्रार होती. आधी ओळींना रंग देण्याची सोय करू, उत्तरे मग दाखवू, असे ठरले.

काम सरड्याकडे गेले. वाद तीन दिवस चालला. आज्ञेचे शब्द निळे हवेत, असे मोराचे म्हणणे. पोपटाला हिरव्याखेरीज काही सात्त्विक वाटेना. ओळींशेजारी खुलाशासाठी लिहिलेल्या टिपणांना भस्माचा रंग द्यावा, यावर मात्र एकमत झाले. टिपणे कोणी वाचतच नव्हते.

रेवती रोज विचारी.

"ताई, गंध उगाळून होईपर्यंत देवसुद्धा थांबतो," भानजी म्हणाला.

"देवाच्या घरात पाणी शिरत नाही, भानजीभाऊ."

चौथ्या दिवशी सकाळी रंग चढले. चाळीस ओळी गाभाऱ्यातल्या पूजेसारख्या खुलल्या. प्राणी दर्शनाला लोटले. दोनशे जणांनी स्तुती लिहिली. सतरावी ओळ सर्वांत सुंदर ठरली. तिच्यात लिहिले होते : पाणी वाढले, तर दार बंद कर.

"काय ही निळाई," मोर गहिवरून म्हणाला.

साळिंदराचे उत्तर आता मोकळे झाले. सतरावी ओळ उलटी लिहिली आहे, एवढेच त्यात होते. त्यात रंग नव्हता, म्हणून ते सर्वांत खाली गेले. दोनशे स्तुती ओलांडून रेवती तिथवर पोहोचली, तेव्हा पाणी बिळाच्या तोंडाशी होते. पिल्ले तिने पाठीवरून पैलतीरी नेली. बीळ गेले.

संध्याकाळी तिने फोरमवर दोनच शब्द लिहिले : घर बुडाले.

भानजीने नम्रपणे कळवले, "ताई, या ओळीला रंग चढत नाही. काढून टाकतो."

तात्पर्य : दुसऱ्याची अडचण सोडवू नये, सजवावी. सुटलेल्या अडचणीचे समाधान एकालाच मिळते. सजवलेल्या अडचणीचे पुण्य दोनशे जणांत वाटता येते.