मास्तरांचा खोकला

या, असे जवळ सरकून बसा. पाय सैल सोडा, कान मात्र ताठ ठेवा. कथा एका दोरीची आहे आणि एका खोकल्याची. या दोघांनी मिळून एका थोर नाटककाराचा जन्मच अडवून धरला होता, तोही भरल्या सभागृहात!

नाट्यगृहात पडद्याची दोरी ज्यांच्या हाती असे, त्यांना सगळे दोरीकाका म्हणत. आणि नाटककार म्हणजे मास्तर. मास्तरांच्या पहिल्या नाटकाला काका शेवटचा प्रवेश ऐकताना इतके रडले, की पडदा टाकायचंच विसरले. शेजारी विंगेत उभ्या मास्तरांना घाबरून खोकला आला. काका भानावर आले, दोरी सुटली आणि पडदा असा नेमका पडला, की टाळ्या थांबेनात! तेव्हापासून रीतच पडली. मास्तरांनी विंगेत खोकायचं, काकांनी दोरी सोडायची. काकांच्या कोपऱ्यातून रंगमंच दिसत नसे, दिसे ती पोपडे आलेली भिंत. पण भक्ताला देव दिसावाच लागतो असं थोडंच आहे? हाक कानी आली की पुरे!

तर त्या दिवशी मास्तरांचा सत्कार होता. त्यांचा जन्म, संसार, उमेदीचा काळ असं सगळं नाटक करून दाखवायचं होतं. मॅनेजर सकाळीच येऊन म्हणाला, "काका, आज पडद्यात घोळ झाला तर उद्यापासून मोटर. बटण दाबलं की काम झालं. तुम्ही आपले घरी आराम करा."

"एक वेळ सूर्य चुकेल, माझा पडदा चुकायचा नाही!" काका छाती काढून म्हणाले.

पण 'आराम' हा शब्द त्यांच्या काळजात खिळ्यासारखा रुतला. घरी करायचं काय? घरात खिडकीला एकच पडदा, आणि त्यालाही काकू त्यांना हात लावू देत नसत. म्हणे, तुम्ही ओढला की अडकतो!

आता गंमत ऐका. मास्तर आज विंगेत नव्हते. सत्कारमूर्ती म्हणून त्यांना पहिल्या रांगेत बसवलं होतं, आणि हे काकांना कुणी सांगितलं नव्हतं. शिवाय मास्तरांना झाली होती सर्दी.

पडदा उघडला. शिंप्याच्या दुकानामागची ती छोटी खोली, जिथे मास्तर जन्मले. आई कण्हते आहे, सुईण धीर देते आहे, "आलंच हो बाळ, आता एकच कळ..."

"खॉक्!" मास्तर खोकले.

'इतक्यात?' काकांना वाटलं. पण मास्तरांच्या खोकल्यावर शंका घ्यायची म्हणजे पापच! दोरी सुटली. धप्पकन पडदा!

"अहो, मुलगा की मुलगी?" मागून कुणीतरी ओरडलं.

पडदा पुन्हा वर गेला. बाळ घाईघाईने जन्मलं आणि सत्कार समितीचे अध्यक्ष रंगमंचावर भाषणाला उभे राहिले. "हा झाला जन्म. आता मी त्यांच्या काळाकडे वळतो. तो काळ फार मोठा होता..."

"खॉक्!"

काळ तिथेच संपला! पडदा थेट अध्यक्षांवर आला. ते आत गुरफटून पोत्यातल्या मांजरासारखे हातपाय झाडू लागले. सभागृहात त्या दिवशीची सगळ्यात मोठी टाळी पडली.

मास्तरांच्या डोक्यात आत्ता कुठे प्रकाश पडला. "अगं, दोरी माझ्या खोकल्यावर चाललीय!" ते शेजारी बसलेल्या बायकोच्या, म्हणजे आपल्या वहिनींच्या, कानात कुजबुजले आणि त्यांनी रुमाल तोंडात कोंबला. पण कोंबलेला खोकला म्हणजे झाकण दाबलेलं उतू जाणारं दूध! रंगमंचावरचा तरुण मास्तर तरुण वहिनींना म्हणत होता, "माझ्याकडे घर नाही, दार नाही, पण एक गोष्ट आहे, ती म्हणजे..."

"खॉक् खॉक्!"

पडदा!

"तेव्हासुद्धा यांनी बोलणं असंच अर्धवट टाकलं होतं!" वहिनी म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली आणि ती मास्तरांच्या तोंडाला लावली.

तिकडे मॅनेजर लालबुंद होऊन विंगेत घुसला. "काका, काय चालवलंय?"

"मास्तर खोकले."

"अहो, त्यांना सर्दी झालीय! ते बाहेर बसलेत!"

काकांनी हातातल्या दोरीकडे पाहिलं. मास्तरांच्या जन्माचा, लग्नाचा आपण आपल्या हाताने विचका केला!

"शेवटचा पडदा तेवढा टाका. उद्या मोटर!" एवढं बोलून मॅनेजर अध्यक्षांची समजूत घालायला धावला.

नाटक संपलं. नट हात जोडून उभे राहिले. टाळ्या झाल्या, थांबल्या, लोकांनी भिडेखातर पुन्हा वाजवल्या. पडदा काही पडेना! नटांचं हसू गालावर वाळून चाललं. आत काका दोरी घट्ट धरून बसले होते. आता चुकायचं नाही. खोकल्याशिवाय सोडायची नाही. पण खोकला आला आणि तोही सर्दीचाच निघाला तर?

मास्तरांनी ओळखलं. ते खोकायला गेले, पण औषधाने घसा कसा लख्ख झालेला! ते उठून लोकांकडे वळले. "मंडळी, जरा खोका हो. आत माझा माणूस अडकलाय!"

सगळं सभागृह खोकलं. अध्यक्षसुद्धा खोकले. काकांनी कान देऊन ऐकलं. शेकडो खोकले, पण त्यात मास्तरांचा एकही नाही! दोरी हलली नाही.

शेवटी मास्तर काठी टेकत विंगेत आले, आपल्या जुन्या जागी उभे राहिले आणि ओढूनताणून म्हणाले, "खॉक्."

"हा खोटा आहे, मास्तर," काका भिंतीकडे बघत म्हणाले.

"खोटाच आहे रे. पण नाटक खरंच संपलंय." मास्तरांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "पहिल्या नाटकाला तू रडला नसतास, तर दुसरं मी लिहिलंच नसतं. सोड आता."

दोघांनी मिळून दोरी सोडली. पडदा इतका अलगद उतरला, की लोक क्षणभर टाळ्याच विसरले.

"मास्तर, उद्या ती मोटर..." विंगेत परतलेला मॅनेजर चाचरत म्हणाला.

"बसव की. पण आधी तिला रडायला शिकव."

मोटर आली नाही. सर्दी मात्र आली. चार दिवस काका घरी आडवे पडून होते, आणि ते खोकले की काकू खिडकीचा पडदा ओढायच्या!

तर मंडळी, पुढे कधी एखादा पडदा अगदी वेळेवर पडलेला पाहिलात, तर टाळी जरूर नटांना द्या. पण आत भिंतीकडे तोंड करून बसलेल्या दोरीकाकांची आठवण ठेवून एकदा हळूच खोका. ऐकू येईल त्यांना.