पुण्याचे सर मासळीबाजारात

तंत्रज्ञानाच्या बाबतीत माझा हात धरणारं पालघर तालुक्यात कोणी नाही, असं मी त्या दिवशी सकाळीच जाहीर केलं होतं!

मी डॉक्टर हेमाली, माहेर माकुणसारचं. सातपाटीच्या अलीकडे मासळीबाजाराला लागून एका संस्थेचा छोटा दवाखाना आहे, तो मी चालवते. दवाखान्याचं काम सुधारावं म्हणून संस्थेने आम्हाला मार्गदर्शक दिले होते, पुण्याचे कमलेश सर. दर महिन्याला ते टॅबच्या पडद्यावर प्रकट होत. सध्या विषय एकच. मासेवाल्या बायका एकदा बीपी तपासून जातात आणि पुन्हा फिरकतच नाहीत. गोळ्या बंद होतात, मग कोणीतरी धाडकन पडतं.

"मॅडम, टॅब लावून देऊ?" आमच्या स्नेहल सिस्टरने विचारलं.

"अगं, मी आहे ना!"

त्याच टॅबवरून सकाळी मी लसीकरणाची घोषणा रिक्षाच्या भोंग्यावर वाजवून दाखवली होती. तीसुद्धा बिनवायरची! रिक्षावाला दिनानाथ माझ्याकडे असा बघत होता, जणू मी चंद्रावर रॉकेट सोडलंय. ती रिक्षा अजून आमच्या खिडकीखालीच होती, भोंगा बाजाराकडे वळवलेला.

सर पडद्यावर आले. ओठ हलत होते, पण आवाज नाही. मी आवाज वाढवला. अगदी टोकापर्यंत वाढवला. तरी टॅब मुकाच! बैठकीसाठी खिडक्या मी घट्ट लावलेल्या, बाहेर बाजाराचा नेहमीचा गलका. आता एवढ्या बढाया मारल्यावर सिस्टरला कोणत्या तोंडाने विचारणार? मी चेहरा गंभीर केला आणि मान डोलवायला लागले. सर काहीतरी विचारायचे, मी म्हणायचे, "अगदी बरोबर, सर!"

तेवढ्यात दिनानाथ धापा टाकत आत घुसला.

"मॅडम, तुमचे सर बाजारात बोलतायत!"

"अरे, सर पुण्यात आहेत!"

"सर पुण्यात असतील, आवाज बाजारात हाय! भोंग्यातून!"

"काय बोलले?"

"बोलले, 'डॉक्टर हेमाली, मागच्या वेळी तुम्ही म्हणालात की मासेवाल्या बायकांना तब्येतीचं गांभीर्यच नाही. अजून तेच मत आहे?' थोडा वेळ थांबले, आन् बोलले, 'वा, ठाम आहात!'"

मी घाईघाईने टॅबवरून भोंग्याची जोडणी तोडली, पण उशीर झाला होता. उधाणाचं पाणी घुसावं तसा अख्खा बाजार दारातून आत आला! सगळ्यात पुढे हिरामावशी. सुरमई कापता कापता उठलेल्या, कोयता तसाच हातात.

"गांभीर्य कोणाला नाय?" मावशी गरजल्या. "मागल्या महिन्यात मीच टोपलीवर पडली ना! गोळ्या संपलेल्या. तुमचं दार उघडतं तवा आमी बाजारात. आमी मोकल्या होतो तवा तुमच्या दाराला कुलूप! काय मासे टाकून रांगेत बसू?"

खरंच की! एवढे महिने मी त्यांना नावं ठेवत होते, पण 'तुम्हाला कधी जमेल?' एवढं साधं काही विचारलं नव्हतं.

आणि टॅबमधून सरांचा आनंदाने भरून आलेला आवाज आला, "मॅडम! तुम्ही थेट रुग्णांनाच बैठकीला बोलावलंत? कमाल आहे!"

मी कोयत्याकडे बघितलं. मग सरांकडे बघितलं.

"हो सर. म्हटलं, त्यांच्याच तोंडून ऐकू या!"

सरांनी टाळ्या वाजवल्या. मला जोर चढला. "मावशी, उद्यापासून दुपारी बाजार उठला की आम्ही तिथेच टेबल टाकतो. बीपी तिथेच, गोळ्याही तिथेच!"

"उद्या कशाला? आल्याच हाव तर आत्ताच बांधा पट्टा!"

स्नेहलने पट्टा बांधायला सुरुवात केली ती थांबेचना. दुसऱ्या दिवसापासून बाजारात टेबल लागलं. हिरामावशी चुकार बायकांना दंडाला धरून आणायला लागल्या. दोन महिन्यांत चित्रच पालटलं! गोळ्या सोडणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या, आणि सरांनी इतर दवाखान्यांना शिकवायला मलाच पडद्यावर बसवलं. मी काय बोलले म्हणून सांगू! नुसती वाहवा!

त्याच दुपारी मी रुबाबात बाजारात गेले, तर मावशींनी मला स्टुलावर दाबून बसवलं. "सगल्यांचं बघता, आज डॉक्टरीणबायचं बघा!"

स्नेहलने पट्टा फुगवला, आकडा बघितला आणि पुन्हा एकदा फुगवला. त्या दिवशीच्या अख्ख्या बाजारात सगळ्यात जास्त बीपी माझं!

"खारवलेली, सुकी मासली बंद!" मावशींनी तिथल्या तिथे निकाल दिला.

तेव्हापासून या बाजारात मला कोणी सुका बोंबील विकत नाही. हल्ली मी तो बोईसरहून आणते. गुपचूप!