फ्रीजमधले बदाम

सिंगापुरात, यिशुन भागातल्या फ्लॅटमधला फ्रीज उघडून निशिकांत असा ओरडला, की त्याच्या बायकोच्या, सविताच्या हातातला चहा सांडला.

"माझे बदाम कुठे गेले?"

"कुठले बदाम?"

"ओल्या टिश्यूत गुंडाळलेले! पाच आठवडे सांभाळलेत मी!"

शेजारच्या लिम आंटींना बदामाचं रोप द्यायचंच, असा त्याने चंग बांधला होता. सहा महिन्यांपूर्वी आई बाथरूममध्ये पडली. तो आणि सविता दिवसभर रॅफल्स प्लेसच्या ऑफिसांत. महिनाभर आईपाशी बसल्या त्या लिम आंटी. काहीही द्यायला गेलं, की "नो नीड लाह," असं सिंगापुरी ठेक्यात म्हणून दार लावून घेत. त्यांच्या स्वयंपाकघरात बदामाच्या फुलांचं जुनं कॅलेंडर होतं, निशिकांतने तेवढं हेरलं. आणि आज आंटी कायमच्या लेकीकडे सेरंगूनला निघाल्या होत्या.

बदामाला हवी थंडी आणि सिंगापूरची हवा दमट. पहिले बदाम कुंडीत कुजले, दुसऱ्यांवर बुरशी आली. मग कुंडी बेडरूममध्ये आली आणि एसी सोळावर गेला. तीन रात्री तिघंही गोधडीत. चौथ्या दिवशी लेक रुचिर शिंकत म्हणाला, "पप्पा, ऑलरेडी डेड लाह!" तेव्हा कुठे नवे बदाम भाजीच्या कप्प्यात गेले आणि पाच आठवडे त्यांना हात लावायचा नाही, असं ठरलं. आईला मात्र काही सांगितलं नाही. ती हसली असती.

आई आत कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, फ्रीजमधले बदाम पाहिलेस?"

"ते भिजवून विसरलेले? सोलून लिमबाईंना दिले की. रोज सकाळी दोन. लेकीच्या घरी राहायचं म्हणजे डोकं शाबूत नको? शेवटचे दोन आत्ताच दिले."

निशिकांत मटकन खाली बसला. तेवढ्यात बेल वाजली. आंटी निरोप घ्यायला आल्या होत्या. त्याने हात जोडून सगळं सांगून टाकलं. झाड तुम्हाला द्यायचं होतं, पण त्याचं बी तुम्हीच खाल्लंत.

आंटी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "ट्री मस्ट वेट सो लाँग! युवर मदर पील फॉर मी, एव्री मॉर्निंग. आफ्टर माय मदर, नोबडी पील एनीथिंग फॉर मी."

 निशिकांतने आईला ते मराठीत सांगितलं.

"एक मात्र वाया गेला हो," आई हळहळली. "शेपटी फुटली होती. नासका म्हणून तुळशीत टाकला."

सगळे कॉरिडॉरमध्ये धावले. तुळशीच्या बुंध्याशी बोटाच्या पेराएवढं रोप उभं होतं. कुणी काही केलं नव्हतं, म्हणूनच बहुधा ते जगलं होतं. निशिकांत चमचा घेऊन उकरायला वाकला.

"मुळं दुखावतील. कुंडीच उचल," आई म्हणाली.

"आणि तुझी तुळस?"

"लिमबाई घरदार सोडून माझ्यापाशी बसल्या होत्या. आता तुळस बसेल त्यांच्यापाशी."

कुंडी पुढे आलेली पाहून आंटींनी सवयीने हात हलवला आणि तोंड उघडलं. पण आईने त्यांना बोलूच दिलं नाही. महिनाभरात ऐकून ऐकून शिकलेलं सगळं इंग्रजी तिने पणाला लावलं.

"नीड लाह!"