रामजन्माचं पेट्रोल

"रावजी, एकदाच काय ते सांगून टाका. राम भर बाराला जन्मणार, की मागल्या वर्षासारखा ऊन कलल्यावर?"

देवळाच्या ओट्यावर सावळीरामानं सगळ्यांदेखत हा प्रश्न टाकला. गंगापिंपळ्याचा रामजन्म मागल्या वर्षी खरोखरच लांबला होता. कीर्तनकार दिगंबरबुवा सिन्नरकडून येणारे. बंधाऱ्यामुळं गावची नदी, गंगा, तळ्यासारखी पसरलेली, आणि काळू कोळ्याची होडी मधेच पाणगवतात रुतली. इकडं पाळणा सजलेला, बाया दोरी धरून उभ्या, आणि बुवा पाण्यात. राम जन्मला तेव्हा उपाशी पोरं रडून रडून झोपली होती. पलतीरचं गाव मग वर्षभर विचारत होतं, "काय हो, तुमचा राम नवमीचा की दशमीचा?"

या टोमण्यांना विटलेले रावजी बोलून गेले, "यंदा बुवांना मी आणतो. इंजिनाच्या होडीतून!"

होडी खरंच होती. रावजी कालवा खात्यात कारकून असताना त्यांचा गोरा साहेब त्या होडीतून बदकं मारायला जायचा. विलायतेला परतताना तो खूश होऊन होडी आणि तिच्या पाठीला अडकवायचं लहानसं इंजिन रावजींना देऊन गेला. तेव्हापासून होडी वळचणीला पालथी आणि इंजिन गोठ्याच्या माळ्यावर कडब्याखाली. त्याच्या आडोशाला कोंबडी अंडी घालायची. ओट्यावर शब्द देऊन घरी परतताना वाटेत रावजींच्या ध्यानात आलं, की हे इंजिन पितं काय, हेच आपल्याला ठाऊक नाही.

"त्यात काय एवढं?" रावजींच्या पत्नी बयाबाई म्हणाल्या. "साहेबाचा डबा अर्धा भरलेला आहे की अजून. त्याच्या इंजिनाला त्याचंच तेल सोसेल."

रावजींनी डब्याचं झाकण उघडलं. आत काकवीसारखं तांबूस काहीतरी होतं आणि वास सुताराच्या रोगणाचा. त्यांनी झाकण तसंच लावलं.

सावळीरामाकडं उसाच्या चरकाला जोडलेलं, दाट काळ्या क्रूड तेलावर चालणारं मोठं इंजिन होतं. त्यामुळं इंजिन म्हटलं की गावात त्याचा शब्द चालायचा.

"क्रूड घाला क्रूड," तो म्हणाला. "माझं इंजिन बघा, काय द्याल ते पितंय. त्ये बी इंजिन, ह्ये बी इंजिन."

"अरे, पण ते केवढं, हे केवढं!"

"मंग रॉकेल घाला. लहान जिवाला पातळच सोसतं."

रावजींच्या घशाखाली घास उतरेना. क्रूडनं इंजिन गुदमरलं तर? रॉकेलचा भडका उडाला तर? मधोमध होडी पेटलीय, बुवा उपरण्यानं आग विझवताहेत, आणि काठावर पलतीरचं गाव हसतंय, असं चित्र डोळ्यांपुढून हलेना. एक वेळ आपली अब्रू गेली तरी चालेल, पण रामाचा मुहूर्त पुन्हा हुकला तर देवळात कुठल्या तोंडानं उभं राहायचं?

शेवटी त्यांनी रहेमानला गाठलं. रहेमान निफाड ते नाशिक रोड उतारूंची सर्व्हिस मोटार चालवायचा, आणि बुवांचं कीर्तन असलं की मागच्या खांबाला टेकून शेवटपर्यंत बसायचा. त्यानं साहेबाचा डबा हुंगला आणि नाक मुरडलं.

"रावजीभाऊ, हे मेलं. चांगला भाग उडून गेला, खाली डिंक उरला. हे घातलं तर नळीचं तोंड शिवलंच समजा."

"आणि रॉकेल?"

"थंड इंजिन रॉकेलवर उठत नाय. ताजं पेट्रोल पायजे. आन् त्यातच मोटारीचं घट्ट तेल थोडं मिसळायचं."

"थोडं म्हणजे किती?"

"आता कसं सांगू? वहिनी आमटीत मीठ घालतात तसं."

रावजींना हा हिशेब मुळीच आवडला नाही, कारण बयाबाईंची आमटी दर दोन दिवसांनी खारट व्हायची. पण रहेमाननं टाकी पेट्रोलनं खळखळून धुतली, आतला डिंक खरवडला, पुर्ज्यांवरून काथ्या फिरवला, आणि अष्टमीला गोठ्यातल्या दगडी डोणीत इंजिनाचा पंखा बुडवून दोरी ओढली. एकदा ओढली, पुन्हा ओढली. रावजी मनात रामरक्षा म्हणत होते. ती संपायच्या आत इंजिन असं काही गरजलं की डोणीतलं पाणी आढ्याला लागलं, गोठाभर निळा धूर झाला, आणि दोन्ही बैल दावी तोडून थेट सावळीरामाच्या कांद्यात शिरले.

"तेल जरा जास्त झालं वाटतं," धुरातून रहेमानचा आवाज आला.

"पण चाललं!" रावजी ओरडले. बांधावरून सावळीराम बैलांच्या नावानं जे ओरडत होता, ते त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नाही.

मग मिश्रण पातळ करून घेतलं. इंजिन शहाण्यासारखं चालू लागलं.

नवमीच्या सकाळी रावजींनी स्नान केलं, पूजा केली, होडीला हार घातला, इंजिनाला कुंकू लावलं, फूल वाहिलं. तरी जिवाला चैन नव्हतं. आपल्या घरात नवी गाडी असो, नवा नांगर असो, तीर्थाशिवाय कामाला लागत नाही. हे तर प्रत्यक्ष रामाच्या कामाला निघालेलं! वरवर कुंकू लावून काय उपयोग? जे काही पवित्र व्हायचं ते पोटातून व्हायला हवं. रहेमान होडीची दोरी सोडत होता. रावजींनी हळूच टाकीचं झाकण काढलं आणि तीर्थाची पळी उचलली.

"केशवाय नमः. नारायणाय नमः. माधवाय नमः."

तीन पळ्यांचं रीतसर आचमन इंजिनाला घडलं. झाकण बसलं. कितीतरी दिवसांनी रावजींचा श्वास मोकळा झाला.

आणि जाताना इंजिन काय धावलं! बगळे उडाले, पाणगवत बाजूला सरलं. काळू कोळी काठावर आपल्या होडीत पाय सोडून बसला होता. त्यानं मान मुद्दाम दुसरीकडं फिरवली. पलतीरावर बुवा चिपळ्या काखेत मारून तयारच होते.

"वा, रावजी! यंदा विमानच!" असं म्हणत बुवा होडीच्या मागच्या फळीवर बसले. बुवांचा आवाज जितका भारदस्त, तितकाच देहही. होडी मागं चांगलीच कलली.

मधोमध आले आणि इंजिनानं एक उचकी दिली. मग दुसरी. मग ते गप्प झालं.

रहेमाननं दोरी ओढली. ओढून ओढून त्याचा सदरा घामानं भिजला. ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. देवळाच्या घाटावर सगळं गाव दिसत होतं, आणि पाण्यावरून सावळीरामाचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

"म्या म्हनलं नव्हतं? भेसळीचं पेट्रोल गळ्यात मारलं त्या रहेमाननं!"

रहेमानचा चेहरा काळवंडला. त्यानं नळी सोडवली, हातावर थोडं पेट्रोल घेतलं आणि तळहात उन्हाकडं केला. आत टपोरे थेंब लोळत होते.

"पाणी," तो पुटपुटला. "रावजीभाऊ, खुदा कसम, मी पाणी नाय घातलं."

"तू नाही रे, मी घातलं," रावजी कसंबसं म्हणाले. "तीर्थ होतं. तीनच पळ्या."

रहेमाननं टाकीत डोकावलं. "तळाशी बसलं असेल. बुवा मागं बसले, होडी कलली, आन् सगळं तीर्थ नळीत आलं."

बुवा मात्र गदगदून हसायला लागले. त्यांच्या हसण्यानं होडी हिंदकळली. "रावजी, अहो, आज काय आहे? जन्म होईतो गावात पाण्याचा थेंब कोणी घेतलेला नाही, आणि हेच एकटं सकाळपासून पीत सुटलंय! तुमच्या तीर्थानं त्याला उपासाची आठवण करून दिली."

"बुवा, थट्टा नका करू. बारा वाजत आले. काळूऽऽ! अरे काळू, ये रे बाबा!"

काळूनं तीन हाका पुऱ्या होऊ दिल्या. "इंजिनवाल्यांना कोळ्याचं काय काम?" असं घाटाला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणून मग तो निघाला. पण बुवांनी सूर्याकडं पाहिलं आणि उपरणं सावरलं. काळूची वाट पाहण्याइतका वेळ आता उरला नव्हता. ते होडीतच उभे राहिले, चिपळ्या वाजल्या, आणि अयोध्येतल्या त्या चैत्री दुपारचं वर्णन पाण्यावर सुरू झालं.

काळू जोरात वल्हवत होता. निम्म्या वाटेत कीर्तन कानावर पडलं तशी त्यानं वल्ही आत घेतली आणि हात जोडले. चालू कीर्तनात उठबस करायची नाही, हे त्याला आईनं शिकवलेलं. रावजी खुणा करकरून थकले. काळूनं डोळे मिटून घेतले होते.

पाण्यावरून बुवांचा आवाज असा काही गेला, की पलतीरचं गावही काठावर येऊन उभं राहिलं. कौसल्येच्या महालात वारा मंद झाला, बुवांनी हात उंचावला, सावल्या पायाखाली आल्या, आणि "रामचंद्र प्रकटले!" हा घोष एकाच वेळी दोन्ही तीरांवरून उठला. इकडं पाळण्याची दोरी हलली, तिकडून फुलं पाण्यात पडली. होडीत बसलेल्या रावजींच्या डोळ्यांना धार लागली होती. रहेमाननं मान खाली घातली होती.

मग काळूनं डोळे उघडले आणि वल्हवत येऊन रावजींची होडी ओढत घाटाला लावली. रावजी उतरले ते थेट सावळीरामापुढं जाऊन उभे राहिले.

"रहेमानचं पेट्रोल चोख होतं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "टाकीत तीर्थ मी घातलं. चूक माझी."

रावजी बोलणी खायला मान खाली घालून उभे होते.

"चूक?" म्हाताऱ्या पुतळाबाई सुंठवड्याचं ताट घेऊन पुढं आल्या. "अरे, असा जन्म मी जन्मात पायला नाय. भर बाराला, गंगेच्या मधोमध! दोन्ही गावांनी ऐकला. आता दरसाल असाच व्हायला पायजे."

"असाच!" गाव गरजलं. पलतीरावरूनही होकार आला. सावळीरामानं रहेमानच्या हातावर सुंठवडा जरा जास्तच ठेवला आणि लगेच घसा खाकरला.

"मंग पुढल्या साली इंजिन तिथंच बंद पडलं पायजे. इंचभर अलीकडं नको, पलीकडं नको. तीन पळ्या जरा बेभरवशाच्या वाटतात. रॉकेल मिसळलं तर?"

"क्रूड!" कोणीतरी मागून म्हणालं.

रावजींनी केविलवाण्या चेहऱ्यानं रहेमानकडं पाहिलं. त्यानं सुंठवडा तोंडात टाकला आणि हात झटकले.

"भाऊ, चालवायचं तेल मला ठाऊक हाय. बरोबर मधोमध बंद पाडायचं तेल कुठल्याच पंपावर मिळत नाय."

रावजींना त्या दिवशी उपास सोडतानाही घास उतरला नाही.